जस्ताचा थर

जुरेमाचे हात रोस्कासाठीच घडवलेत, असं तिच्याबरोबर काम करणारा तिचा कोंपाद्रे निवाल्दो म्हणायचा. लांब, बारीक, कोपराचं हाड टोचेल असे. लहानपणी उसाच्या मळ्यावरच्या बाया तिला 'बगळी' म्हणून चिडवायच्या. त्याच बगळीला पुढे विद्यापीठात या हातांनीच भाकरी दिली.

रोस्का म्हणजे विद्यापीठाच्या मागच्या इमारतीतलं टोकामाक. खरं नाव चांगलं हातभर लांब आहे, पण ते फक्त अर्जांवर लिहितात. दिसायला कडबोळ्यासारखं गोल आणि पोकळ, म्हणून रोस्का, तिकडच्या कडबोळ्यासारख्या पावाचं नाव. आतली हवा उपसून टाकायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा, तो सूर्यासारखा तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा आणि चुंबकांच्या जोरावर मधोमध धरून ठेवायचा. भिंतीला लागू द्यायचा नाही. हे झालं पुस्तकातलं. लागतोच तो. कडेला ग्रॅफाइटचा ठोकळा त्याचा मार खायला बसवलेला असतो, त्याचा कोळसा तो चाटून नेतो आणि पलीकडे भिंतीवर नेऊन थापतो. वर्षभराने आत बघावं तर भिंतीवर थर चढलेला. कुठे तपकिरी, कुठे निळा-जांभळा, रस्त्यावरच्या डबक्यात रॉकेल सांडावं तसा. कधी त्याचे पापुद्रे सुटतात आणि ऐन प्रयोगात प्लाझ्मात पडून त्याचा जीव घेतात. थोडक्यात, आत जे जे जातं ते शेवटी भिंतीवर बसतं. बाहेर काही जात नाही.

ती भिंत जुरेमाकडे होती. रोस्काच्या बाजूला गोल तोंडं आहेत, पुरुषाचा हात कोपराशीच अडकेल एवढी. जुरेमाचा खांद्यापर्यंत जायचा. गाल बाहेरच्या पोलादाला चिकटवायचा, खांद्यापर्यंतचा मोजा घातलेला हात आत, दुसऱ्या तोंडातून दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला आरसा, आणि मग स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने वीत वीत भिंत पुसायची. रोस्काच्या पोटात काहीही न्यायचं नाही हा नियम. पितळ नाही, जस्त नाही, तापलं की त्यांची वाफ होऊन भिंतीवर बसते; घामाचा हात तर नाहीच. उघड्या बोटाचा एक ठसा राहिला तरी त्यातून दिवस दिवस वाफ सुटत राहते. पंचवीस-सव्वीस वर्षांत जुरेमाची उघडी त्वचा त्या भिंतीला एकदाही लागली नव्हती. स्वतःच्या पोरालाही एवढं जपलं नसेल, असं म्हणावं तर तिला पोर नव्हतं. निवाल्दोची मुलगी हीच तिची धर्मकन्या, बाप्तिस्म्याला तिनेच उचललेली. म्हणून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे.

सकाळी पांढरा झगा चढवण्याआधी ती गळ्यातलं पदक काढायची आणि कपाटाच्या दारावरच्या खिळ्याला अडकवायची. आपारेसिदाच्या मातेचं, म्हणजे काळ्या मेरीचं पदक, नखाएवढं, कडेला एक खोक. जुरेमाला दात येत होते तेव्हा तिने ते चावलं होतं. पदक तिच्या आईचं. आई बेनेदिता फझेंदावरच्या, म्हणजे मळ्याच्या मालकांच्या मोठ्या घरात जन्मभर राबली आणि जुरेमा झाली तेव्हा मालकिणीने स्वतःच्या हाताने ते तिच्या गळ्यात घातलं. "शुद्ध सोनं आहे, बेनेदिता," असं म्हणाली. बेनेदिताने ते कधी सोनाराला दाखवलं नाही. दाखवणं म्हणजे मालकिणीवर संशय घेणं, असं तिला वाटे. जुरेमानेही दाखवलं नाही.

रोस्का चालवणारे प्रोफेसर अन्सेल्मो बितार रोज त्या खिळ्यावरून तिची थट्टा करायचे. देव नाही हे ते नाव विचारलं तरी आधी सांगतील, असा माणूस.

"जुरेमा, तुझी बाई बाहेर लटकलीय. ऊन लागेल तिला."

"तिला काय लागायचं ऊन, प्रोफेसर? माझ्याइतकीच काळी आहे ती."

जुरेमा मुळात इथे फरशी पुसायला आली होती. प्रोफेसरांनी तिचे हात पाहिले, तिला आत घेतलं, शिकवलं, साहेबांशी भांडून तंत्रज्ञाच्या जागेवर बसवलं. हे ती विसरली नाही. विसरणाऱ्यांतली असती तर तिला पुढे एवढं लागलंही नसतं. प्रोफेसर म्हणतील ते तिला देवाच्या खालोखाल.

मार्चमध्ये प्रोफेसरांच्या बायकोला, दोना ओदिलाला, पोटाच्या ऑपरेशनला नेलं. दुखणं वाईट होतं. प्रोफेसर दाढी न करता यायचे आणि एकाच आलेखाकडे बघत बसायचे. एका सकाळी जुरेमाने खिळ्यावरचं पदक काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

"माझा विश्वास नाही, जुरेमा."

"विश्वास नका ठेवू. नुसतं खिशात ठेवा."

त्यांनी ते बोटांत फिरवून पाहिलं. "सोन्याचं आहे?"

"शुद्ध. आईचं आहे."

त्यांनी मूठ मिटली. दोना ओदिला वाचली. पदक परत आलं नाही आणि जुरेमाने मागितलंही नाही. देव न मानणारा माणूस तिची बाई खिशात घेऊन हिंडतोय, याचा तिला मनातून आनंदच होता. खिळा रिकामा राहिला, तरी तिला तो रिकामा वाटला नाही.

ऑगस्टमध्ये ब्राझिलियाहून समिती येणार होती. पुढची वर्षं पैसे द्यायचे की रोस्काला टाळं लावायचं, हे ती ठरवणार. जुरेमाने भिंत आरशासारखी केली, रोस्का बंद झालं, हवा उपसली, मग बाहेरून तापवलं. पोलादात मुरलेला ओलावा निघावा म्हणून दरवेळी असं कित्येक दिवस भाजून काढतात. पण या वेळी भाजून झाल्यावर कॅमेऱ्याच्या काचा राखाडी झाल्या. चष्म्यावर वाफ धरावी तशा, फक्त पुसल्या जाणाऱ्या नव्हत्या. प्रोफेसर म्हणाले, चालेल. समिती कोट घालून येऊन बसली होती, चालेल म्हणण्याखेरीज गत्यंतरही नव्हतं.

चाललं नाही. प्लाझ्मा पेटला आणि पेटताक्षणी मेला. पुन्हा पेटवला, पुन्हा तेच. काहीतरी जड आत शिरलं होतं आणि सगळी उष्णता खाऊन प्रकाशात उधळत होतं. पडद्यावर त्या प्रकाशाच्या रेषा उमटल्या आणि एक पोरगी पुटपुटली, "जस्त." समितीतल्या एकाने घड्याळाकडे पाहिलं.

रोस्का उघडलं. भिंतभर राखाडी झिलई. जुरेमाने गाल पोलादाला लावला, हात आत घातला आणि ग्रॅफाइटच्या ठोकळ्याच्या मागे, जिथे प्लाझ्माची नजर पोचत नाही तिथे, तिच्या बोटांना बारीक तार लागली. तारेला काहीतरी लोंबत होतं. तिने ते काढलं, हात बाहेर घेतला आणि सगळ्यांच्या समोर मूठ उघडली.

काळं पडलेलं, खड्डे खड्डे झालेलं, कडा खाल्लेलं पदक. मुलाम्याची साल जागोजागी तेवढी उरली होती. कडेची खोक मात्र जशीच्या तशी. तिथल्या प्रत्येकाने ती खोक वर्षानुवर्षं कपाटाच्या दारावर पाहिली होती.

आधी तिच्या मनात आलं ते आईचं. म्हणजे सोनं नव्हतंच. जन्मभर राबलेल्या बाईच्या गळ्यात मालकिणीने जस्त घातलं, आणि आई ते छातीशी धरून मेली. मग तिने मान वर केली आणि प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसर फरशीकडे बघत होते. तेव्हा तिला कळलं.

विभागप्रमुखांनी विचारलं, "हे तुमचंच ना?"

"माझंच," जुरेमा म्हणाली. खोटं कसं बोलणार? पुढचं वाक्य प्रोफेसरांचं होतं, आणि ती ते ऐकायला थांबली. ते बोललेही.

"जुरेमाचा हेतू वाईट नव्हता. श्रद्धाळू आहे ती. आपल्या भल्यासाठीच केलं असणार."

केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा मायेच्या आवाजात कापतात हे तिला ठाऊक नव्हतं. आणि बोलली असती तरी काय म्हणाली असती? देव न मानणाऱ्या प्रोफेसरांनी मातेचं पदक यंत्रात टांगलं? लोक हसले असते. शिवाय दोना ओदिला घरी अंथरुणावर होती, तिच्या कानी हे जावं असंही जुरेमाला वाटेना. ती गप्प राहिली. योग्य वेळ बघून ते स्वतःच सांगतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

समितीने रोस्काला आणखी एक संधी दिली, चूक 'मानवी' होती म्हणून. त्या मानवाला यंत्राच्या खोलीत जायची बंदी झाली. तिच्या दाराचं कार्ड काढून घेतलं. ती भांडारात बसून नट-बोल्टांचे डबे लावू लागली आणि कॉरिडॉरमध्ये नवी पोरं तिला पाहून क्रॉसची खूण करून हसू लागली. डिसेंबरात तिची निवृत्ती होती. तिला दुसरं काही नको होतं. जाण्याआधी सगळ्यांसमोर प्रोफेसरांच्या तोंडून दोनच शब्द हवे होते: मी टांगलं. निदान आपली भिंत आपण नासवली नाही, एवढं नाव घेऊन घरी जावं.

दर रविवारी ती निवाल्दोकडे जेवायला जायची. तो ताटात भात आणि फेजाओं, म्हणजे घेवड्याची उसळ, वाढत म्हणायचा, "विसर ना, कोमाद्रे. मनाला लावून घेऊ नकोस." त्याच्या त्या बोलण्याचाही तिला आधार वाटायचा.

नोव्हेंबरात तिला परत बोलावलं. मोठेपणा म्हणून नव्हे, दुसऱ्या कुणाचा हात आत जाईना म्हणून. आत जाण्याआधी एक पोरगी लाजत लाजत तिचे खिसे तपासायची.

"तपास गं नीट," जुरेमा म्हणायची. "कुठे संतबिंत लपवला असेन."

जस्त निघता निघत नव्हतं. फडक्यामागून फडकं काळं होत होतं. अशात एकदा जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, प्रोफेसर येऊन तिच्याशेजारी उभे राहिले. तिचा गाल पोलादाला चिकटलेला, हात खांद्यापर्यंत आत. तोंड फिरवायचं म्हटलं तरी फिरवता येईना.

"तू म्हणालीस शुद्ध सोनं आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "सोनं आत काही करत नाही. मी विचार करून टांगलं होतं, जुरेमा. ओदिला वाचली तेव्हा वाटलं... समिती येणार होती. मला मूर्खपणा वाटत होता, तरी झाकणं बसायच्या आधी लांब चिमट्याने टांगलं."

"म्हणजे चूक माझ्या आईची."

"मी तसं म्हणत नाही."

"मग कुणाची म्हणता?"

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "तू डिसेंबरात जाणार आहेस. तुला कोण काय करणार आहे? माझं नाव आलं तर हे सगळं बंद. ही पोरं, त्यांच्या शिष्यवृत्त्या. जरा समजून घे. मी सांगेन, योग्य वेळी सांगेन."

जुरेमाने आतल्या आत फडकं उलटं केलं आणि पुढची वीत पुसायला घेतली. "योग्य वेळ आली की मला कळवा, प्रोफेसर. मी भांडारात असते."

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. पोरांच्या शिष्यवृत्त्या खऱ्या होत्या. फक्त हिशेबात तिला धरलंच नव्हतं. प्रोफेसरांनी आत घेतलं तेव्हा वाटलं होतं, आपण माणसांत आलो. खरं तर फरशी पुसणारीच राहिलो, फरशी तेवढी बदलली. मालकीण बदलली.

भिंत मात्र तिने स्वच्छ केली. चिडून एखादा कोपरा सोडावा हे तिच्या हाताला जमलंच नाही. शेवटच्या दिवशी रोस्काच्या तोंडांवर चांदीचा कागद लावून ठेवला होता. सोमवारी झाकणं बसणार आणि पुन्हा हवा उपसायला घेणार.

त्याच दुपारी तिचा निरोप समारंभ. यंत्राच्या खोलीला लागून काचेच्या पलीकडे टेबल मांडलं होतं. चिकन भरलेल्या कोशिन्या, गाजराचा केक, ग्वारानाच्या बाटल्या. विभागप्रमुख दोन वाक्यं बोलले. प्रोफेसर खूप बोलले, तिच्या हातांबद्दल, तिच्या निष्ठेबद्दल. त्या दोन शब्दांसाठी जुरेमा कान देऊन बसली होती. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, ते शब्द आले नाहीत. निवाल्दोने केक कापायला घेतला.

तेवढ्यात दोना ओदिला पुढे आली. केस आखूड, चेहऱ्यावर रंग परतलेला. तिने जुरेमाचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुझी ती बाई हॉस्पिटलात माझ्या उशाखाली होती, ठाऊक आहे? घरी आले त्याच दिवशी मी अन्सेल्मोला बजावलं, आधी जुरेमाची वस्तू तिला दे. दिली ना त्याने?"

एक 'हो' म्हटलं की काम भागलं असतं, ही बाई सुखाने घरी गेली असती. जुरेमाने प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती 'हो'च म्हणणार याची त्यांना खात्री होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या खात्रीने.

"नाही, दोना ओदिला. त्यांनी ती रोस्काच्या आत टांगली."

"अन्सेल्मो?" ओदिला वळली.

"घरी बोलू," प्रोफेसर म्हणाले.

आता धक्का बसेल, कुणीतरी "काय?" म्हणेल, म्हणून जुरेमा वाट बघत राहिली. कुणीतरी खोकलं. विभागप्रमुखांनी मोबाइल काढला. खिसे तपासणारी ती पोरगी रडवेली होऊन बुटांकडे बघत होती. निवाल्दोची सुरी थांबलीच नाही.

"कोंपाद्रे, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

निवाल्दोने एक तुकडा बशीत ठेवला. "कोमाद्रे, तू तीनच्या कॉफीला यायची नाहीस. झगा उतरवा, परत चढवा, म्हणून. प्रोफेसर रोज तिथे ते पदक बोटांत खेळवत बसायचा. आम्हीच चिडवायचो त्याला, नास्तिकाने बाई ठेवली म्हणून."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच."

"ऑगस्टपासून?"

"काय बोलणार होतो गं? तो गेला की रोस्का गेलं, आमच्या नोकऱ्या गेल्या. तू तर जाणारच होतीस."

जुरेमाला त्याच्या घरचे सगळे रविवार आठवले. तो भात, ते फेजाओं, विसर ना कोमाद्रे. प्रोफेसरांचं तिने पचवलंही असतं. मोठ्या घरची माणसं तशीच, आईनेही तेच पाहिलं होतं. पण निवाल्दो तिच्याच मळ्यावरचा होता. त्याच्या पोरीला तिने हातांवर घेऊन पाण्याखाली धरलं होतं.

मग तिने बशी खाली ठेवली, काचेचं दार ढकललं आणि ती यंत्राच्या खोलीत गेली. झगा नाही, मोजे नाहीत. सणासुदीचा फुलांचा झंपर अंगात. काचेआड सगळे उभे राहून बघत होते. तिने जवळच्या तोंडावरचा चांदीचा कागद फाडला, बाही वर सरकवली आणि उघडा हात आत घातला.

"जुरेमा! मोजा!" प्रोफेसर धावत आले. चेहरा पांढराफटक, आवाज साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असा. "हात काढ! भिंत, भिंत नासेल!"

चार महिने तिच्यासाठी ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, तो भिंतीसाठी सगळ्यांसमोर ओरडत होता. जुरेमाने तळहात भिंतीवर टेकवला. गार होती. एवढ्या वर्षांत तिला हे माहीत नव्हतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, गाल पोलादाला लावून, त्यांच्याकडे बघत.

मग तिने हात बाहेर घेतला. बाजूच्या खणातून लांब मोजा काढून चढवला, नवं फडकं स्पिरिटने भिजवलं, आणि परत आत हात घालून ती जागा पुसली. एकदा, दोनदा, आरसा लावून पाहिलं, पुन्हा एकदा. तोंडावर नवा चांदीचा कागद लावला आणि कडा अंगठ्याने दाबून बसवल्या. यंत्राने तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

ते फडकं तिने प्रोफेसरांच्या हातात दिलं.

"हा डाग माझा होता, प्रोफेसर," ती म्हणाली. "तोही मी पुसला."